कुत्र्याच्या हृदयातला जंत : गोळी कोणती, किती आणि त्याआधी काय?

पावसाळा लागला की एक ठरावीक प्रश्न माझ्याकडे येऊ लागतो. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेले आईवडील तो हमखास विचारतात. रविवारी सकाळी तिकडून फोन येतो, चौकशी होते आणि शेवटी पोर विचारते, ‘टॉमीला हार्टवर्मची गोळी चालू आहे ना?’ इकडे आई गोंधळते. टॉमीला रेबीजची लस टोचली आहे, पोटातल्या जंतांचे औषधही वेळच्या वेळी पाजले आहे. पण हृदयाची गोळी? आपल्या डॉक्टरांनी तर कधी तिचे नाव काढले नाही. मग डॉक्टर विसरले, की मुलगी उगाच घाबरवते आहे?

दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. अमेरिकेच्या बऱ्याच भागांत हा रोग इतका पसरलेला आहे की तिथे कुत्रा पाळायचा म्हणजे महिन्याला ही गोळी द्यायची, हे ठरलेलेच असते. आपल्या नाशिककडे चित्र वेगळे आहे. परंतु वेगळे आहे म्हणून विषय सोडून द्यावा असेही नाही. कारण या गोळीच्या नावाखाली आपल्याकडे जे काही कुत्र्यांच्या पोटात किंवा कातडीखाली जाते, ते पाहिले की रोगापेक्षा उपायाचीच भीती वाटावी. म्हणून आज या जंताविषयी आणि त्याच्या औषधाविषयी जरा सविस्तर लिहितो.

हृदयातला हा जंत पोटातल्या जंतांपैकी नव्हे. डायरोफायलेरिया इमिटिस हे त्याचे शास्त्रीय नाव. शिजलेल्या शेवयांसारखा पांढरा, बारीक आणि लांब. पूर्ण वाढलेली मादी २५ ते ३० सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून लांब होते. हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत ही मंडळी मुक्काम ठोकतात आणि पाच ते सात वर्षे जगतात. आपल्या विदर्भात ज्याच्यासाठी दरवर्षी घरोघर गोळ्या वाटल्या जातात त्या हत्तीरोगाचा जंत याच्याच कुळातला, आणि दोघांचे वाहनही एकच : डास.

डास चावल्याशिवाय हा रोग होत नाही. एका कुत्र्याने दुसऱ्याला चाटल्याने, चावल्याने, एका ताटलीत खाल्ल्याने तो पसरत नाही. रोगी कुत्र्याच्या रक्तात जंताची सूक्ष्म पिले फिरत असतात, त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. डास रक्त पितो तेव्हा ती त्याच्या पोटात जातात. तिथे उबदार हवेत दहा ते चौदा दिवसांत त्यांची अळी तयार होते आणि तोच डास पुढे ज्या कुत्र्याला चावेल त्याच्या कातडीत ती शिरते. त्यानंतर अळी कात टाकत, मांसातून वाट काढत रक्तवाहिनीत पोहोचते आणि सुमारे अडीच ते चार महिन्यांनी हृदयाजवळ जाते. तिथे ती वयात येऊन स्वतःची पिले सोडू लागेपर्यंत सहा-सात महिने उलटलेले असतात. एवढ्या काळात कुत्रा खातो-पितो, भुंकतो, मालकाला काहीही कळत नाही. लक्षणे दिसतात ती बरीच उशिरा : कोरडा खोकला, थोडे पळाल्यावर धाप, वजन घटणे, पुढे पोटात पाणी, कधी एकदम चक्कर येऊन पडणे.

थंडीचा इथे संबंध आहे. साधारण १४ अंशांखाली डासाच्या पोटातली अळीची वाढ थांबते. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो, पण तो पहाटेचा आकडा. दुपारी पुन्हा ऊन तापते आणि घरातला, गोठ्यातला डास उबेलाच बसतो. त्यामुळे नाशिकला हिवाळ्यात वाढ मंदावते, थांबतेच असे धरून चालू नये.

आपल्याकडे नेमके काय आढळते?

आता मुख्य मुद्दा. भारतात हृदयजंताच्या खात्रीलायक नोंदी मुख्यतः ईशान्येकडून आल्या आहेत. गुवाहाटी आणि ऐजॉल येथील कुत्र्यांत तो चांगलाच आढळलेला आहे. महाराष्ट्रात कुत्र्याच्या रक्तात मायक्रोफायलेरिया दिसले तर ते बहुधा त्याच्या भाऊबंदांचे असतात. २०१० साली देशाच्या निरनिराळ्या भागांतील पाचशेहून अधिक कुत्र्यांच्या रक्ताची एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात चारांतल्या एकाहून अधिक कुत्र्यांच्या रक्तात मायक्रोफायलेरिया सापडले. पण सर्वाधिक होते ते दोन प्रकार, अॅकँथोकायलोनेमा रेकॉन्डिटम आणि डायरोफायलेरिया रेपेन्स. पहिला पिसवांमुळे व उवांमुळे पसरतो आणि कुत्र्याला फारसा त्रास देत नाही. दुसरा डासांमुळेच पसरतो, पण हृदयात न जाता कातडीखाली राहतो. कधी गाठ येते, कधी खाज सुटते, पुष्कळदा काहीच होत नाही.

या रेपेन्सकडे मात्र अगदीच दुर्लक्ष करू नये, कारण तो डासामार्फत माणसातही येतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पातळ पडद्याखाली वळवळणारा दोरा दिसला आणि नेत्रतज्ज्ञाने तो चिमट्याने ओढून काढला, अशा बातम्या आपण वाचतो. त्यांतले बरेचसे जंत या रेपेन्सचे असतात. केरळात असे रुग्ण पुष्कळ नोंदले गेले आहेत. माणसाच्या शरीरात तो सहसा पिले घालू शकत नाही, काढला की प्रश्न मिटतो. तरीही ज्या घरी रेपेन्स असलेला कुत्रा आणि डास दोन्ही आहेत, तिथे कुत्र्यावर उपचार करणे हे माणसांच्याही हिताचे आहे.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची. प्रयोगशाळेच्या कागदावर ‘मायक्रोफायलेरिया आढळले’ एवढेच लिहून आले, तर त्याचा अर्थ कुत्र्याच्या हृदयात जंत झाले असा होत नाही. कोणत्या जातीचे, हे विचारल्याखेरीज पुढचे पाऊल टाकू नये. परळला १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा शिरवळचे महाविद्यालय, येथील परजीवीशास्त्राच्या जाणकारांचे मत आपल्या डॉक्टरांमार्फत घेता येते.

मग नाशिकच्या कुत्र्याला खऱ्या हृदयजंताचा धोका नाहीच का? आहे, आणि तो आपल्या शहराच्या जडणघडणीतून येतो. देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे, ओझरला हवाई दलाचे ठाणे आहे. लष्करी कुटुंबांची बदली आसाम, मिझोराम, अरुणाचलातून थेट इकडे होते आणि बरोबर त्यांचा कुत्राही येतो. असा कुत्रा दिसायला ठणठणीत असला तरी रक्तात पिले घेऊन येऊ शकतो. त्यांना वाहून नेणारे डास आपल्याकडे भरपूर आहेत. क्युलेक्स, एडिस, अॅनॉफिलिस या तिन्ही घराण्यांतले कित्येक डास हे काम करतात. नासर्डीच्या, जिला आता नंदिनी म्हणतात, काठच्या गटारात क्युलेक्स आहे. गच्चीवरच्या पिंपात आणि कूलरमध्ये एडिस आहे. ईशान्येकडून आलेल्या प्रत्येक कुत्र्याची रक्ततपासणी आल्या आल्या करून घ्यावी, असे मी या कुटुंबांना आवर्जून सांगतो. त्यांच्या शेजाऱ्यांनाही त्यात रस असायला हरकत नाही!

गोळी काम कशी करते?

१९८० च्या दशकापर्यंत एकच औषध होते, डायइथिलकार्बामॅझिन. हत्तीरोगाच्या मोहिमेत माणसांना मिळते तीच ही गोळी. कुत्र्याला ती रोज द्यावी लागे आणि दोन-तीन दिवसांचा खंड पडला तरी संरक्षण तुटे. १९८७ साली अमेरिकेत आयव्हरमेक्टिनची महिन्यातून एकदा द्यायची गोळी आली आणि सगळे बदलले. जपानच्या मातीतल्या एका जिवाणूपासून निघालेल्या या औषधाबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पुढे त्याच घराण्यातली मिल्बेमायसिन, मॉक्सिडेक्टिन, सेलामेक्टिन ही औषधे आली. आज हृदयजंताच्या प्रतिबंधासाठी जगभर वापरतात ती हीच. कोणी तोंडाने द्यायचे, कोणी मानेवर थेंब ओतायचे, कोणी टोचायचे, एवढाच फरक.

‘महिन्याची गोळी’ म्हटले की लोकांना वाटते, आज गोळी दिली, आता महिनाभर जंत आत शिरणार नाही. तसे ते नाही. तोंडाने दिलेले आयव्हरमेक्टिन थोड्या दिवसांत शरीराबाहेर जाते. गोळी मारते ती मागच्या तीस-चाळीस दिवसांत शिरलेल्या, अजून कोवळ्या असलेल्या अळ्यांना. म्हणजे आषाढात डास चावला त्याचा बंदोबस्त श्रावणातली गोळी करते. अळी दोन महिन्यांची झाली की तिच्यावर या मात्रेचा भरवसा राहत नाही, आणि मोठ्या जंताला तर ती धक्काही लावत नाही असे धरून चालावे. म्हणूनच डास कमी झाले म्हणून दसऱ्याला गोळी बंद करणे चूक आहे. शेवटचा डास चावल्यानंतरही ती द्यावी लागते. द्यायची ठरवलीच, तर बारा महिने देणे सोपे आणि बिनधोक. चार-आठ दिवस उशीर झाला तर आठवण होताच द्यावी. दोन महिने किंवा जास्त खंड पडला असेल तर डॉक्टरांना तसे खरे सांगावे आणि सहा-सात महिन्यांनी रक्त तपासून घ्यावे.

पिलाला सहा ते आठ आठवड्यांपासून ही गोळी सुरू करता येते. प्रतिबंधाच्या मात्रेत ती गाभण कुत्रीलाही चालते, परंतु वेष्टनावर काय लिहिले आहे ते पाहावे, कारण प्रत्येक उत्पादनाचे नियम सारखे नाहीत.

गोठ्यातली बाटली

ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो तो भाग आता येतो. आपला जिल्हा शेतीचा. द्राक्षे, कांदे आणि त्याबरोबर गाई-म्हशी, शेळ्या. उवा, गोचीड, खरूज यांसाठी आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन गोठ्यागोठ्यांत असते. ‘औषध तेच आहे ना? मग महागाची गोळी कशाला?’ हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. औषध तेच आहे. मात्रा मात्र तीच नाही, आणि या औषधात सगळा खेळ मात्रेचा आहे.

हिशेब पाहा. हृदयजंताच्या प्रतिबंधासाठी कुत्र्याला वजनाच्या दर किलोमागे ६ मायक्रोग्रॅम आयव्हरमेक्टिन लागते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. दहा किलोच्या कुत्र्याला ६० मायक्रोग्रॅम, पंचवीस किलोच्याला १५० मायक्रोग्रॅम. जनावरांच्या नेहमीच्या एक टक्का इंजेक्शनात दर मिलिलिटरला १०,००० मायक्रोग्रॅम असतात. मधुमेहाचे रोगी वापरतात ती चाळीस युनिटची इन्सुलिन सिरिंज घेतली, तरी तिच्यावरची एक युनिटची खूण म्हणजे २५० मायक्रोग्रॅम. म्हणजे घरातल्या सर्वांत बारीक सिरिंजची सर्वांत छोटी मात्राही मोठ्या कुत्र्याला लागते त्याहून जास्त भरते. प्रत्यक्षात एवढे मोजतो तरी कोण? ‘शेळीला अर्धा मिली देतो, कुत्रा शेळीएवढाच आहे’ असे म्हणून पंचवीस किलोच्या कुत्र्याला अर्धा मिली टोचला जातो. ते झाले ५,००० मायक्रोग्रॅम, हव्या त्याच्या तेहतीसपट.

बहुतेक कुत्री एवढी मात्रा सोसतात, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. खरजेसाठी डॉक्टर स्वतः याच पट्टीतली मात्रा देतात, पण ती कुत्रा तपासून, त्याची जात पाहून. घोटाळा इथेच होतो. शेजाऱ्याच्या कुत्र्याला काही झाले नाही, म्हणून आपल्यालाही टोचतात, आणि आपला कुत्रा नेमका कॉली जातीचा किंवा त्या रक्ताचा निघतो.

निरोगी कुत्र्याच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांत एक प्रथिन असते. ते अशी औषधे मेंदूत शिरू देत नाही, शिरू पाहणारे बाहेर लोटते. कॉली आणि तिच्या नात्यातल्या शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या जातींमध्ये हे प्रथिन बनवणारे जनुक पुष्कळदा बिघडलेले असते. २००१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हा दोष शोधून काढला. शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांच्यात तो आहे, काही अल्सेशियनांमध्येही आढळतो, आणि संकरातून तो कोणत्याही लांब केसांच्या ‘मिक्स’ कुत्र्यात उतरू शकतो. अशा कुत्र्याला ६ मायक्रोग्रॅमची प्रतिबंधक मात्रा चालते, त्यात काही भीती नाही. पण किलोमागे शंभरच्या पुढे गेले की औषध मेंदूत साठू लागते.

काही वर्षांपूर्वी पुणे रस्त्यावरच्या एका मळ्यातून अशी एक कुत्री माझ्याकडे आणली गेली होती. निमुळते तोंड, छातीवर पांढरा झुबका. आदल्या दिवशी शेळ्यांबरोबर तिलाही टोचले होते. बाहुल्या पूर्ण विस्फारलेल्या, तोंडातून लाळ, पाय टाकायला गेली की लडखडून भिंतीवर आपटायची, कारण तिला दिसतच नव्हते. संध्याकाळपर्यंत ती बेशुद्ध झाली. या विषबाधेवर खात्रीचा उतारा नाही. सलाईन, नळीने अन्न, अंग उबदार ठेवणे, दर काही तासांनी कूस बदलणे, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम, एवढेच हातात असते. घरच्यांनी आठ दिवस पाळ्या लावून ते केले आणि कुत्री उठली. प्रत्येक कुत्र्याला असे घर मिळत नाही, आणि मिळाले तरी प्रत्येक कुत्रा उठत नाही.

अशी लक्षणे दिसली तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याच्या फंदात पडू नये. लडखडणाऱ्या कुत्र्याच्या फुप्फुसात ते पाणी जाते. औषधाची बाटली बरोबर घेऊन तडक डॉक्टर गाठावा. किती दिले हे लपवू नये.

गोठ्यातल्या बाटलीला अलीकडे आणखी एक जोडीदार मिळाला आहे. करोनाच्या काळात आयव्हरमेक्टिनच्या १२ मिलिग्रॅमच्या गोळ्या घरोघरी आल्या. गोवा सरकारने तर २०२१ च्या मे महिन्यात अठरा वर्षांवरील सर्वांना त्या देण्याचे जाहीर केले होते. त्याच वर्षी पुढे करोनावरील केंद्राच्या उपचारसूचनांतून हे औषध वगळले गेले, पण उरलेली पाकिटे काही कपाटांत राहिली. त्यांतली एक गोळी दहा किलोच्या कुत्र्याला दिली तर ती प्रतिबंधक मात्रेच्या दोनशेपट होते. चार तुकडे केले तरी पन्नासपट. ती पाकिटे कपाटातून काढून टाकावीत.

आधी रक्त, मग गोळी

सात महिन्यांहून मोठ्या कुत्र्याला प्रतिबंधक गोळी सुरू करण्याआधी रक्त तपासणे आवश्यक आहे. कारण असे : रक्तात हजारो मायक्रोफायलेरिया असताना औषध पोटात गेले तर ते सगळे एकाच वेळी मरतात आणि कुत्रा धक्क्याने कोसळू शकतो. नव्या औषधांत हा धोका कमी, पण आहे. जुन्या डायइथिलकार्बामॅझिनमध्ये तो फार मोठा. हृदयजंत असलेल्या कुत्र्याला ती गोळी दिली तर तासाभरात जीव जाऊ शकतो. हत्तीरोगाच्या मोहिमेतली शिल्लक गोळी कुत्र्याला देऊ नका, हे विदर्भातून इकडे आलेल्या मंडळींना मुद्दाम सांगतो.

तपासण्या दोन. एक सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहण्याची, तिच्यात पिले दिसतात. ती संध्याकाळनंतरच्या रक्तात अधिक सापडतात. हत्तीरोगाचे कर्मचारी रात्री दारोदार जाऊन बोटातून रक्त घेतात त्यामागेही असेच कारण आहे. दुसरी किटवरची तपासणी. तिच्यात वयात आलेल्या मादीचा अंश कळतो, निकाल काही मिनिटांत मिळतो. पण सहा महिन्यांच्या आत ती कोरीच येणार, त्यामुळे लहान पिलावर तिचा खर्च करू नये. एक तपासणी करून भागत नाही. किट कोरी आणि रक्तात पिले, असे झाले तर बहुधा ते वर सांगितलेले रेपेन्स किंवा रेकॉन्डिटम. दोन्ही निकाल चांगले आले तर गोळी सुरू करावी, सहा महिन्यांनी पुन्हा एकदा आणि मग वर्षाला एकदा तपासावे.

खरोखरच हृदयजंत निघाला तर तो वेगळा आणि अवघड प्रवास आहे. मोठे जंत मारणारे मेलारसोमिन हे सोमलाच्या जातीचे औषध कंबरेच्या मांसात खोल टोचावे लागते, आणि ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळण्यासारखे नाही. मेलेल्या जंतांचे तुकडे फुप्फुसांत अडकतात म्हणून कुत्र्याला कित्येक आठवडे बांधून, शांत ठेवावे लागते. हे अनुभवी डॉक्टरच्या देखरेखीखालीच व्हावे.

प्रतिबंधाच्या पद्धतींपैकी मला स्वतःला दर महिन्याची, कुत्र्यासाठीच बनवलेली, वजनाच्या पट्ट्याप्रमाणे मिळणारी गोळी किंवा मानेवरचे थेंब पसंत आहेत. सहा महिने पुरणाऱ्या मॉक्सिडेक्टिनच्या इंजेक्शनाची सोय मोठी, विसरण्याचा प्रश्नच नाही. पण टोचलेले औषध परत काढता येत नाही. अमेरिकेत ते २००१ मध्ये आले, दुष्परिणामांच्या तक्रारींमुळे २००४ मध्ये बाजारातून मागे घेतले गेले आणि २००८ मध्ये निर्बंधांसह परतले. जिथे रोग घरोघर आहे तिथे हा धोका पत्करण्यात अर्थ आहे. नाशिकला मी तो घाईने पत्करणार नाही. गोळी देताना कुत्र्याने ती गिळली, की सोफ्यामागे टाकली, हे मात्र पाहावे. वजन दर वेळी करावे. स्वतः काट्यावर उभे राहा, मग कुत्र्याला उचलून उभे राहा, वजाबाकी करा.

लसूण, कडुलिंब, कापूर यांविषयीही विचारणा होते. या कशानेही हृदयजंताची अळी मरत नाही. लसूण तर कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते, आणि कापूर पोटात गेला तर झटके येतात. डास कमी करणे हा मात्र खरा घरगुती उपाय आहे. आठवड्याचा कोरडा दिवस पाळणे, पिंपांवर कापड, हौदात आणि शेततळ्यात गप्पी मासे, संध्याकाळी कुत्र्याला अंगणात न बांधता जाळीच्या आत घेणे. याने गोळीची गरज संपत नाही, पण डेंग्यू-मलेरियाचीही थोडी काळजी मिटते.

आता, कोणी द्यावी? ईशान्येकडून आलेला किंवा तिकडे जाणारा कुत्रा, परदेशी न्यायचा कुत्रा, ज्याच्या शेजारात असा कुत्रा आहे तो, आणि रेपेन्स आढळलेल्या घरातले कुत्रे, यांना माझ्या मते द्यावीच. बाकीच्यांनी पैशांचा क्रम लावावा. रेबीजची लस चुकलेली आणि हृदयजंताची गोळी चालू, असे घर मी पाहिले आहे. आपल्याकडे कुत्री गोचीडतापाने, पार्व्होने, डिस्टेंपरने मरतात. आधी तिकडे लक्ष हवे. ते झाल्यावर गोचिडांसाठी आणि पोटातल्या जंतांसाठी औषध घेणारच असाल, तर त्यात मिल्बेमायसिन किंवा मॉक्सिडेक्टिन असलेले निवडा. एकाच खर्चात हृदयजंताचाही बंदोबस्त होतो. नेहमीचा डॉक्टर नसेल तर जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात विचारावे.

मांजरांचे थोडे वेगळे आहे. मांजरात हृदयजंत क्वचित होतो आणि झाला तरी एक-दोनच जंत असतात, पण तेवढ्याने दम्यासारखा खोकला लागतो, कधी मांजर अचानक दगावते. मोठे जंत मारण्याचे सुरक्षित औषध मांजरासाठी नाही. मात्र मांजरवाल्यांनी हृदयजंतापेक्षा कुत्र्याच्या थेंबांना जास्त भ्यावे. डास-गोचीड पळवणाऱ्या कुत्र्याच्या काही थेंबांत परमेथ्रिन असते. कुत्र्याला ते चालते, मांजरासाठी ते विष आहे. ‘कुत्र्याचे अर्धे थेंब मांजराला’ असे केल्यावर काही तासांत मांजर थरथरू लागते, झटके येतात. घरात दोन्ही असतील तर कुत्र्याच्या मानेवर असे औषध टाकल्यावर ते पूर्ण वाळेपर्यंत मांजराला त्याच्या अंगावर निजू देऊ नये, आणि दोघांच्या औषधांच्या नळ्या एका डब्यात ठेवू नयेत.